डाग नसलेले बारा आंबे

आंबा झाडावरून ओढून काढायचा नसतो, हे मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी कळलं. त्याआधीची पंधरा वर्षं मी आमच्या इमारतीमागच्या झाडाचे आंबे ओढूनच काढत होतो आणि वर ते मोठ्या ऐटीत शेजाऱ्यांना वाटत होतो. शेजारी तोंडावर 'वा, वा' म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या काकू तेवढ्या स्पष्ट बोलायच्या. "अरे, हा आंबा दिलास की मारामारी करून आलेलं कार्टं दिलंस?" देठापासून खाली काळे ओघळ, मध्ये खरचटलेलं, एका बाजूला भाजल्यासारखा चट्टा. मला वाटायचं, आमच्या झाडाची जातच तशी. काही घराण्यांत टक्कल असतं, त्याला कोण काय करणार?

यंदा मात्र मला बारा आंबे बिनडागी हवे होते. अगदी नवरीच्या गालासारखे नकोत, पण ओघळ नको, चट्टा नको, ओरखडा नको. ते मोठ्या सिस्टरना द्यायचे होते.

मोठ्या सिस्टर म्हणजे हॉस्पिटलातल्या. थंडीत माझी बायको सतरा दिवस त्यांच्या वॉर्डात होती. आधी पोटाचं ऑपरेशन, मग आत पू झाला म्हणून दुसरं ऑपरेशन. डॉक्टर यायचे, कागद चाळायचे, आपसात इंग्रजी बोलायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवून जायचे. ती मान होकाराची होती की नकाराची, हे सिस्टर मला मागाहून समजावून सांगायच्या. अकराव्या दिवशी त्या म्हणाल्या, "तुम्ही आज घरी जा. अंघोळ करा, जेवा, झोपा. मी आहे इथे." मी गेलो, जेवलो आणि नऊ तास मेल्यासारखा झोपलो. सकाळी परत आलो तर या बाई तिथेच. ड्यूटी संपून बारा तास झाले होते. मला 'मी आहे' म्हणाल्या होत्या ना, म्हणून थांबल्या होत्या. माझी बायको आज स्वयंपाकघरात उभी राहून माझ्यावर ओरडते, त्यातला निम्मा आवाज सिस्टरांनी परत आणून दिलेला आहे, असं मी मानतो.

आता या उपकाराचं करायचं काय? मी घड्याळ नेलं, त्यांनी ते परत माझ्या खिशात घातलं. फुलं नेली, ती त्यांनी शेजारच्या खाटेवरच्या आजींच्या उशाशी ठेवली. शेवटी म्हणाल्या, "अगदीच राहवत नसेल तर उन्हाळ्यात घरच्या झाडाचे डझनभर आंबे आणा. पण बिनडागी हं! पेशंट लोक प्रेमानं आणतात, पण इतक्या वर्षांत न भाजलेल्या सालीचा आंबा काही मी पाहिला नाही."

"अहो, गमतीनं म्हणाल्या त्या," बायको म्हणाली.

पण मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. अठ्ठावीस वर्षं मी लोकांना 'आपल्या मागणीची नोंद घेण्यात आली आहे' असं कळवत आलोय. नोंद घेतली आणि पुढे खरंच काहीतरी केलं, असा प्रसंग मला आयुष्यात प्रथमच चालून आला होता. शिवाय सिस्टर पुढच्या महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. म्हणजे मुदतही होती.

मी फळबाग सल्ला केंद्रात गेलो. तिथल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी मला फॉर्म दिला. पहिलाच प्रश्न : लागवडीचं क्षेत्र, हेक्टरमध्ये.

"एक झाड आहे," मी म्हणालो.

"हेक्टर सांगा."

"अहो, एका झाडाचे किती हेक्टर होणार?"

"ते तुम्ही सांगायचं. मी फक्त लिहून घेणार."

मी बराच वेळ बोटं मोजून 'शून्य पूर्णांक शून्य शून्य' असं काहीतरी लिहिलं. त्यांनी ते वाचून सांगितलं की शून्य क्षेत्र असलेल्यांना सल्ला देता येत नाही. माझा अपमान झाला. आमच्या कार्यालयात लोकांचा असाच होत असणार, हे त्या क्षणी डोक्यात आलं, पण मी ते लगेच झटकून टाकलं. मग त्या गृहस्थांची चहाची वेळ झाली. खिडकी बंद करून ते बाहेर आले, टपरीवर माझ्याच शेजारी उभे राहिले, आणि ज्याला शून्य हेक्टर आहेत त्याला त्यांनी वीस मिनिटं इतका सुंदर सल्ला दिला की मी त्यांना दोन वेळा चहा पाजला.

त्यांनी सांगितलं ते असं. आंब्याच्या देठात चीक असतो. आंबा ओढला की देठ मुळाशी तुटतो, चीक पिचकारीसारखा उडतो आणि जिथे लागेल तिथे साल जाळतो. म्हणून कात्रीनं कापायचा, दोन बोटं देठ ठेवून. सकाळी चिकाला जोर असतो, म्हणून ऊन चढल्यावर कापायचा. मातीवर ठेवायचा नाही. मग देठ आखूड करून आंबा लगेच उलटा धरायचा, म्हणजे चीक सालीला न लागता खाली ठिबकून जातो. आणि झाडावर असतानाच महिनाभर आधी प्रत्येक आंब्याला कागदी पिशवी बांधायची, म्हणजे फांदी घासत नाही, किडा बसत नाही.

"कुठला कागद?"

"जाड असावा. आणि छापील किंवा लिहिलेली बाजू बाहेर ठेवा, नाहीतर शाई सालीला लागते."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं नसतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

जाड कागद आमच्या तळमजल्यावरच्या सरांकडे होता. सर गणिताचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जुन्या उत्तरपत्रिकांचा एक अख्खी ट्रंक त्यांनी जपून ठेवलेली. सगळ्या नाहीत, ज्या वाचून त्यांना हसू आलं होतं तेवढ्याच. "वैद्यकीय कारणासाठी ठेवल्यात," ते म्हणायचे. "मन खट्टू झालं की दोन वाचतो." सिस्टरांची हकीकत ऐकल्यावर त्यांनी त्यातल्या चाळीस काढून दिल्या. मी आणि बायकोनं दोन संध्याकाळी खळ लावून पिशव्या केल्या. लिहिलेली बाजू कटाक्षानं बाहेर. रविवारी शिडी लावून मी चाळीस आंब्यांना चाळीस पिशव्या बांधल्या, खाली उतरलो आणि लांबून झाडाकडे बघितलं. इतकं शिस्तीत झाड मी कधी पाहिलं नव्हतं.

सोमवारी सकाळी जिन्याच्या खिडकीपाशी गर्दी होती.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सरांचेच विद्यार्थी. इतर कुणाच्या पिशव्या कुठे टांगल्या गेल्या त्याला महत्त्व नाही, पण त्यांची बरोबर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीसमोर, हाताच्या अंतरावर आली होती. वर त्यांचं नाव, हजेरी क्रमांक आणि लाल शाईत शंभरापैकी सात. खाली प्रश्न : त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज दोन काटकोन असते हे सिद्ध करा. त्याखाली सेक्रेटरींचं संपूर्ण उत्तर : 'आकृतीवरून दिसतेच आहे.' आणि त्याखाली सरांचा शेरा : 'मला दिसत नाही.'

मी शपथेवर सांगतो, मी नावं वाचली नव्हती. बांधताना माझं सगळं लक्ष देठाकडे होतं. पण इमारतीला आयतीच मजा सापडली. त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी सांगितलं, पाण्याची टाकी धुतलेली आहे. तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "मला दिसत नाही." ते म्हणाले, जिन्यातला दिवा बदललाय. "मला दिसत नाही." काकूंना तर हे वाक्य इतकं आवडलं की त्या भाजीवाल्याच्या वजनकाट्यालाही तेच ऐकवू लागल्या.

गुरुवारी माझ्या दाराला नोटीस लागली. 'सोसायटीच्या सामाईक झाडावर विनापरवानगी लिखित मजकूर प्रदर्शित केल्याबद्दल सर्व कागद सात दिवसांत उतरवावेत. अन्यथा समिती सर्व फळे उतरवून ताब्यात घेईल.'

सात दिवसांत म्हणजे आंबा कोवळा. कोवळा उतरवला की पिकणार नाही, नुसता सुरकुतणार. मी माझ्या परीनं कार्यालयीन भाषेत उत्तर पाठवलं : 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' हे उत्तर लोकांना एवढा संताप का आणतं, ते मला सेक्रेटरींचा चेहरा बघून कळलं.

"तुम्ही मुद्दाम केलंत," ते जिन्यात म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता आणि तेच मला जास्त लागलं. "माझी मुलगी दहावीला आहे. ती रोज त्या खिडकीवरून जाते."

मी आंब्याची साल जपत बसलो होतो आणि इकडे एका चांगल्या माणसाला ओरखडा काढून ठेवला होता. मी माफी मागितली. पिशवी तेवढी उतरवतो म्हणालो. ते म्हणाले, आता सगळ्यांनी वाचलंय, उतरवून काय उपयोग?

समितीची सभा बोलावण्यात आली. जागा : सरांची बाहेरची खोली, कारण खुर्च्या तिथेच पुरतात. काकूंनी सुरुवातीलाच सल्ला दिला की आंब्यांना खोबरेल चोळावं, म्हणजे पिशव्यांची भानगडच नको. खजिनदारांनी विचारलं, झाडच तोडलं तर? मी उठून बोलायला लागलो, पण माझं 'सदर झाड' आणि 'उपरोक्त फळे' यांच्यापुढे जाईना. तेव्हा बायको उठली. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच चारचौघांत बोलत होती.

"मी तेव्हा शुद्धीवर नव्हते," ती म्हणाली. "त्यामुळे सिस्टरांनी माझं काय काय केलं ते मला आठवतसुद्धा नाही. आठवत नसलेल्याचे आभार कसे मानायचे, मला कळत नाही. म्हणून हे वेडं झाडावर चढलं तेव्हा मी खळ करून दिली. तुम्ही आंबे उतरवणार असाल तर उतरवा. पण मला ते द्यायचे होते हो."

माझ्याबद्दलचा शब्द मी कामकाजातून वगळावा असं सुचवणार होतो, पण ते राहू दिलं.

मग सर उठले. पायात चपला घालून दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपाशी गेले आणि ती पिशवी हातात घेऊन आले. खळ सोडवून कागद टेबलावर पसरला. आंब्यावर ते स्वतःची वर्तमानपत्राची पिशवी बांधून आले होते.

"बस इथे," ते सेक्रेटरींना म्हणाले. "चुकलं माझं. तो शेरा मी पोराला दुखवायला लिहिला होता. मास्तरनं तसं लिहू नये. पण सात मार्क बरोबर होते, ते मी वाढवणार नाही. हवे असतील तर सिद्ध कर."

"सर, आता?"

"आता."

सेक्रेटरींनी खिशातून पेन काढलं आणि माझ्यावर बजावलेल्या नोटिशीच्या कोऱ्या बाजूवर त्रिकोण काढला. कपाळाला घाम. एकदा खोडलं, दोनदा खोडलं. खजिनदार काहीतरी कुजबुजले तेव्हा सरांनी "कॉपी नाही!" असं दरडावलं. अकराव्या मिनिटाला सेक्रेटरींनी शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ ओढली आणि त्यांचा चेहरा असा उजळला की सगळी समितीच टेबलावर वाकली. सरांनी चष्मा लावून वाचलं. लाल पेन मागवलं. जुन्या उत्तरपत्रिकेवरचे सात खोडून पस्तीस केले, खाली सही, तारीख.

"पास," ते म्हणाले.

सेक्रेटरी छप्पन्न वर्षांचे. ते दोन्ही कागद घेऊन वर गेले आणि जिन्यातून "अगं, इकडे ये, बघ!" असं मुलीला हाका मारत गेले. नोटिशीच्या मागेच सिद्धता असल्यामुळे नोटीस आपोआप त्यांच्याकडेच राहिली. पुढे तिचं नाव कुणी काढलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी आंबे उतरवले. आता हे माझं काम राहिलंच नव्हतं. सेक्रेटरी उंच, म्हणून कात्री घेऊन ते शिडीवर. "दोन बोटं देठ! दोन बोटं!" असं सर खालून ओरडत होते, कारण मोजमाप त्यांच्या अखत्यारीत. ऊन पुरेसं चढलंय का, यावर त्यांचं आणि काकूंचं अर्धा तास चाललं. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली आमची बागेतली खुर्ची आणली होती. पट्ट्यांच्या फटीतून देठ खाली सोडला की आंबा उलटा बसायचा आणि चीक जमिनीवर ठिबकायचा. ही युक्ती बायकोची. बघता बघता बारा आंबे खुर्चीवर उलटे बसले. हिरवे, तुकतुकीत, एक डाग नाही. चाळीसांतून निवडलेले. मी त्यांच्याकडे बघत नुसता उभा राहिलो.

तेवढ्यात शिडी हलली. सेक्रेटरींनी आधाराला फांदी धरली, फांदीऐवजी हातात आंबा आला आणि तो मुळाशी तुटला. चिकाची धार सरळ खुर्चीच्या दिशेनं निघाली. मी विचार केला असं मी म्हणणार नाही. मी फक्त मधे तोंड घातलं.

आंबे वाचले. धार माझ्या उजव्या गालावर, पापणीवर आणि नाकावर बसली. वर मी शर्टाच्या बाहीनं पुसून ती डाव्या गालावरही नेली. काकू म्हणाल्या, "खोबरेल चोळ." मी तेही चोळलं.

सकाळी आरशात मी नव्हतो. उजवा डोळा बंद, गाल पुरीसारखा टम्म, देठापासून, म्हणजे डोळ्यापासून, खाली काळपट लाल ओघळ. बायकोनं बघितलं आणि आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. सतरा दिवस ज्या बाईचा हुंकार ऐकायला मी तडफडलो होतो ती हसत होती, त्यामुळे मी रागावलो नाही. थोडासाच रागावलो.

आम्ही आंब्यांची पेटी घेऊन हॉस्पिटलात गेलो. निरोप समारंभ वरच्या हॉलमध्ये होता. पण दारावरच्या माणसानं माझं तोंड बघितलं आणि मला हाताला धरून थेट अपघात विभागात नेलं.

"मी समारंभाला आलोय," मी म्हणालो.

"हो हो, आधी पडून घ्या."

मी खाटेवर, बायको पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर. तिनं कुणाला तरी सांगून वर निरोप धाडला असावा. दहा मिनिटांत सिस्टर आल्या. हातात गुच्छ, नवे कपडे, वर त्यांच्याबद्दल भाषण चालू होतं ते सोडून. गुच्छ त्यांनी खिडकीत ठेवला, हात धुतले आणि माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"चीक," त्या म्हणाल्या. "आणि वर तेल कुठल्या शहाण्यानं लावलं?"

त्यांनी माझा चेहरा साबणाच्या पाण्यानं हळूहळू स्वच्छ केला, मलम लावलं, डोळ्यावर थंड पट्टी ठेवली. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं. त्यांच्या नोकरीतला शेवटचा पेशंट मी. आभार मानायला गेलो होतो आणि आणखी एकदा सेवा करून घेऊन परत निघालो. मला भयंकर लाज वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं, दोन्ही एकदम.

बायकोनं पेटी उघडली. सिस्टरांनी एकेक आंबा उचलून चहूबाजूंनी बघितला. अगदी बाराच्या बारा. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"डाग सगळे तुम्हीच घेतलेत की," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "सहा दिवसांनी घरी या दोघं. चेहरा दाखवायला. तोवर हे पिकतील, बरोबर खाऊ."

सहा दिवसांनी आम्ही गेलो. दोन खोल्यांचं छोटंसं घर, खिडकीत वाळत घातलेले पांढरे मोजे. आंबे पिवळेधमक झालेले, वास दारापर्यंत. सिस्टरांनी सगळ्यांत देखणा आंबा निवडला, ताटलीत ठेवला आणि सुरी चालवली.

आत साका. कोयीभोवती पांढुरकं, आंबट, स्पंजासारखं, चांगला लिंबाएवढा गोळा. बाहेरून काही म्हणता काही कळलं नव्हतं. महिनाभर मी साल जपली, समिती जपली, मार्क वाढले, तोंड भाजलं, आणि आत हे! मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "सिस्टर, टाकून द्या तो," मी म्हणालो. "दुसरा कापा. मला माहीत नव्हतं हो, आतलं मला दिसत..."

सुरीच्या टोकानं सिस्टरांनी तो गोळा अलगद कडेनं सोडवला, सवयीच्या हातानं, चांगल्या भागाला जराही धक्का न लावता, आणि वाटीत काढून ठेवला.

"टाकायचा कशाला?" त्या म्हणाल्या. "आतून बिघडलेलं घेऊनच सगळे यायचे माझ्याकडे. बिघडलं तेवढं काढायचं. बाकीचं छान असतं."

आणि पहिली फोड त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिली.